‘एन्झाइम नाही’ असे लिहिण्याआधी

1993 सालच्या मे महिन्यात सोलापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला आलेल्या थर्माकोलच्या डब्यात रक्ताच्या दोन नळ्या होत्या. एक आमच्या गल्लीतल्या सहा वर्षांच्या मुलाची होती आणि दुसरी, तुलनेसाठी म्हणून, तो डबा घेऊन आलेल्या माझ्या मावसभावाची. मुलाची प्लीहा, म्हणजे आमच्याकडे जिला पानथरी म्हणतात ती, बेंबीपर्यंत वाढली होती, अंगात रक्त कमी होते आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘गोशे?’ एवढा एकच शब्द प्रश्नचिन्हासह लिहिला होता. मी तेव्हा जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते, दुसरे वर्ष चालू होते, आणि आमच्या प्रयोगशाळेत ज्या थोड्या एन्झाइमांची मोजणी होत असे त्यांत गोशे या, पेशींत मेद साठत जाण्याच्या आनुवंशिक रोगात उणे पडणारे ग्लुकोसेरेब्रोसिडेज हेही होते. सर परगावी गेले होते. घरून निरोप आला होता की पोराचे आईवडील उत्तराकडे डोळे लावून बसले आहेत, म्हणून मी त्याच दिवशी काम हातात घेतले.

या मोजणीची रीत मी इतक्यांदा केली आहे की आजही ती डोळे मिटून सांगता येईल. रक्तात डेक्स्ट्रानचे द्रावण मिसळून नळी पाऊण तास उभी ठेवली की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून खाली बसतात आणि वर पांढऱ्या पेशींचा गढूळ थर राहतो. तो थर काढून सेंट्रिफ्यूज केला की तळाशी पेशींचा गोळा जमतो, ज्याला आम्ही पेलेट म्हणतो. त्यात अजूनही थोड्या तांबड्या पेशी असतात; त्या फोडण्यासाठी अर्धा-पाऊण मिनिट अगदी पातळ मिठाचे पाणी घालायचे आणि लगेच दाट मिठाचे पाणी घालून पातळी पूर्ववत करायची. तांबड्या पेशी फुटून वाहून जातात आणि पेलेट पांढरा होतो. मग तो फोडून, आम्लधर्मी बफरमध्ये, चार-मिथिलअंबेलिफेरिल या चमकणाऱ्या रेणूला साखर जोडून तयार केलेल्या सबस्ट्रेटसोबत 37 अंशांवर ठेवायचा. एन्झाइम असेल तर ते साखर तोडते आणि चमकणारा रेणू मोकळा होतो. शेवटी अल्कधर्मी ग्लायसीन बफर घातला की एन्झाइमचे काम थांबते आणि सुटलेला रेणू अतिनील प्रकाशात निळा उजळतो. जितका उजेड, तितके एन्झाइम; आणि हा आकडा पेलेटमधल्या एकूण प्रथिनाने भागायचा, म्हणजे कुणाच्या पेशी जास्त मिळाल्या, कुणाच्या कमी, याचा फरक उरत नाही.

मावसभावाची नळी निळी उजळली. मुलाची जवळजवळ काळोखी राहिली. भागाकार केल्यावर आकडा नेहमीच्या एक-पंचमांशाहून थोडा कमी आला. एकाच डब्यातून, एकाच बर्फावर आलेल्या दोन नळ्या, आणि एकीत एन्झाइम आहे, दुसरीत नाही. याहून स्पष्ट पुरावा कोणता, असे मला वाटले. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि मुलाच्या वडिलांना शेजारच्या दुकानाच्या फोनवर बोलावून सांगितले की गोशेच आहे.

सोमवारी सर आले. त्यांनी नोंदवही पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “दुसरं कोणतं एन्झाइम मोजलंस?” मी कोणतेच मोजले नव्हते. ज्याची शंका होती तेच मोजले होते. फ्रीझरमध्ये उरलेल्या द्रावणात त्याच दुपारी बीटा-गॅलॅक्टोसिडेज आणि हेक्सोसामिनिडेज मोजले, तर तीही एक-पंचमांशच निघाली. तिन्ही एन्झाइमे वेगवेगळ्या जनुकांवरून तयार होतात, तिन्ही एकाच मुलात एकाच प्रमाणात घटतील असे होत नाही. मग घटले काय होते? काहीच नाही, भाजक वाढला होता. नोंदवहीत माझ्याच अक्षरात ‘पेलेट गुलाबी’ असे लिहिलेले होते आणि मी त्याकडे दुर्लक्ष केले होते. गुलाबी रंग न फुटलेल्या तांबड्या पेशींचा होता, त्या पेशींतले हिमोग्लोबिन प्रथिनाच्या मोजणीत धरले गेले होते आणि पांढऱ्या पेशींचे एन्झाइम त्या परक्या प्रथिनाने भागले गेले होते.

मावसभावाच्या तांबड्या पेशी फुटल्या आणि मुलाच्या फुटल्या नाहीत, हे मात्र नुसत्या निष्काळजीपणाने होत नाही. थॅलेसेमियात तांबड्या पेशी चपट्या आणि हिमोग्लोबिनने कमी भरलेल्या असतात, त्यामुळे पातळ मिठाच्या पाण्यात त्या पाणी शोषूनही सहज फुटत नाहीत. याच गुणावर आपल्याकडे थॅलेसेमियाच्या वाहकांची एक स्वस्त चाळणी-चाचणी चालते: 0.36 टक्के मिठाच्या बफरमध्ये रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे धरलेल्या कागदावरची काळी रेघ दिसते का ते पाहायचे. पेशी फुटल्या तर द्रावण स्वच्छ होऊन रेघ दिसते, न फुटल्या तर गढूळपणामुळे दिसत नाही. म्हणजे त्या गुलाबी पेलेटने मला खरे निदान त्याच दिवशी सांगितले होते, मी ते ऐकले नव्हते. नव्याने घेतलेल्या रक्ताच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहण्याच्या तपासणीत, थॅलेसेमिया निघाला आणि ग्लुकोसेरेब्रोसिडेज नीट निघाले.

हे सांगायला मी स्वतः सोलापूरला गेले. मधल्या आठ दिवसांत मुलाची आई तुळजापूरला जाऊन आली होती, आणि आजोबांनी कुठूनसे ऐकून आणले होते की या आजाराचे औषध परदेशात मिळते आणि त्याला एक घर विकूनही पुरणार नाही. मी चूक माझी असल्याचे सांगितले. वडील बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “म्हणजे आता दुसरा आजार आहे.” तो आजारही हलका नव्हता. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतरच्या तीस-बत्तीस वर्षांत मी जे काही काम केले, ते या ना त्या प्रकारे ‘नाही’ हा शब्द कधी लिहावा याच्या शोधातच गेले. लायसोसोम या पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांच्या आजारांत निदान बहुधा नसण्यावरच उभे असते: अमुक एन्झाइम नाही, म्हणून अमुक पदार्थ तुटत नाही, म्हणून तो पेशीत साठतो. विकर हा पाठ्यपुस्तकी शब्द आम्ही परीक्षेपुरता वापरतो, प्रयोगशाळेत सगळे एन्झाइमच म्हणतात. पेशीतल्या या पिशव्यांच्या पोटात आम्लता इतकी असते की पीएच साडेचार ते पाचच्या आसपास राहतो, आणि सुमारे साठ प्रकारची तोडणारी एन्झाइमे तिथे जुन्या मेदांचे, साखरांच्या साखळ्यांचे, प्रथिनांचे तुकडे करत असतात. त्यांतले एखादे जन्मतः उणे असले की मूल जन्मताना बहुधा ठणठणीत दिसते आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, साठलेला माल दिसू लागतो.

विशेष म्हणजे लायसोसोमचा शोधही एका नसण्यातूनच लागला. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात ख्रिश्चन द द्यूव्ह उंदराच्या यकृतावर इन्सुलिनच्या संदर्भात काम करत होते. 1949 मध्ये त्यांच्या गटाने ॲसिड फॉस्फेटेज हे एन्झाइम मोजले तेव्हा अपेक्षेच्या दहाव्या हिश्श्याएवढेच भरले. तोच नमुना काही दिवस फ्रीजमध्ये राहिल्यावर पुन्हा मोजला, तर एन्झाइम परत आलेले होते. दुसरा कुणी असता तर पहिला आकडा चुकीचा म्हणून खोडून मोकळा झाला असता. त्यांनी मात्र असा विचार केला की एन्झाइम आधीही होते, पण कुठल्यातरी पडद्याआड होते, आणि फ्रीजमध्ये तो पडदा फाटला. या विचारातून 1955 मध्ये लायसोसोम हे नाव आले आणि 1974 चे नोबेल त्यांना अल्बर्ट क्लॉड आणि जॉर्ज पॅलेड यांच्यासोबत मिळाले. बी.एस्सी.ला सोलापुरात शिकताना ही हकीकत एका प्राध्यापकांनी तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत सांगितली होती. मी जीवरसायनशास्त्राकडे वळले ती त्या पाच मिनिटांमुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. मार्कही त्याच विषयात बरे होते.

माझे वडील सोलापुरातल्या एका कापड गिरणीत साच्यावर होते. गिरणी बंद पडल्यानंतरही दुकानात कापड घेताना ते ठाण उलगडून उजेडाकडे धरत. ताण्यातला एखादा तार तुटून राहिला असेल तर कापडात उभी फट जाते, ती उजेडातच दिसते. मुंबईची हकीकत मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “बाकीचं कापड घट्ट होतं का, ते बघितलंस का आधी?” सरांचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालात संशयित एन्झाइमच्या ओळीखाली आणखी दोन एन्झाइमांच्या ओळी असतात, आणि त्या नीट नसतील तर पहिल्या ओळीत आकडा जात नाही.

पीएच.डी.चे खरे काम वारेवरचे होते. वार म्हणजे प्रसूतीनंतर पडणारी नाळेची गादी. हेक्सोसामिनिडेज शुद्ध करायला ती उत्तम, कारण तिच्यात हे एन्झाइम भरपूर असते आणि ती एरवी फेकूनच दिली जाते. संमती घेऊन मिळालेली वार स्टीलच्या डब्यात, डबा बर्फात आणि बर्फ कापडी पिशवीत, असे ते ओझे घेऊन मी लोकलच्या महिला डब्यातून कितीदा गेले असेन. डब्यात काय आहे असे एकदा एका कोळणीने विचारलेही होते आणि मी ‘प्रयोगाचं सामान’ म्हणून वेळ मारून नेली होती. थंड खोलीत ती बारीक करून, अमोनियम सल्फेटने प्रथिने खाली आणून, मग कॉनकॅनॅव्हॅलिन-ए हे साखर पकडणारे प्रथिन लावलेल्या स्तंभातून गाळायची. लायसोसोमच्या बहुतेक एन्झाइमांना साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात, त्या या स्तंभाला धरून बसतात आणि मॅनोजचे गोड द्रावण सोडले की सुटतात. रॉस्को ब्रेडी या अमेरिकी संशोधकांनी 1965 मध्ये गोशे रोगात ग्लुकोसेरेब्रोसिडेज उणे असल्याचे दाखवले, आणि 1991 मध्ये मान्यता मिळालेले त्यावरचे पहिले एन्झाइम-औषधही मानवी वारेतूनच काढलेले होते, हे त्या थंड खोलीत स्वेटर घालून उभे राहताना मनाला बरे वाटे. 1994 मध्ये पेशीसंवर्धनातून तयार केलेले औषध आले आणि वारेवरचे अवलंबन संपत गेले.

1997 मध्ये मी सोलापूरला अध्यापनाच्या नोकरीवर परतले. मुंबईतल्या अनेकांनी हे पाऊल म्हणजे संशोधनाचा शेवट समजले, आणि पहिली दोन वर्षे मलाही तसेच वाटत होते. त्याच काळात एका मित्राने पाठवलेल्या झेरॉक्सांत अमेरिकेतल्या रटगर्स येथील पीटर लोबेल, डेव्हिड स्लीट आणि सहकाऱ्यांचा त्याच वर्षीचा निबंध होता. लहान वयात झटके, आंधळेपणा आणि मेंदूचा ऱ्हास आणणाऱ्या एका आजारात लायसोसोमचे काहीतरी बिघडलेले आहे असा अंदाज होता, पण नेमके कोणते प्रथिन उणे आहे हे कुणाला माहीत नव्हते. नाव माहीत नसलेल्या गोष्टीचे नसणे कसे दाखवायचे? लायसोसोमकडे जाणाऱ्या प्रथिनांच्या साखरेवर मॅनोज-सहा-फॉस्फेट ही खूण असते, आणि ती ओळखून त्यांना योग्य जागी नेणारा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, पेशीत असतो. या मंडळींनी तो ग्राहकच शोधक म्हणून वापरला. निरोगी मेंदूतल्या आणि रुग्णांच्या मेंदूतल्या खूणधारी प्रथिनांचे ठिपके जेलवर पसरून शेजारी शेजारी ठेवले, आणि रुग्णांच्या जेलवर एक ठिपका नव्हता. त्या ठिपक्याच्या मागावरून जनुक सापडले. पुढे ते एन्झाइम ट्रायपेप्टिडिल पेप्टिडेज-एक म्हणून ओळखले गेले. 2017 मध्ये याच एन्झाइमचे औषध अमेरिकेत मान्य झाले. ते दर दोन आठवड्यांनी थेट मेंदूतल्या पोकळीत सोडावे लागते. मला त्या निबंधात सर्वांत भावले ते त्यांचे धाडस नव्हे. त्या जेलवर बाकीचे सगळे ठिपके जागच्या जागी होते, आणि म्हणूनच न दिसणाऱ्या एकावर विश्वास ठेवता येत होता.

माझ्याकडे तसले काही उभारण्याची सोय नव्हती. चमक मोजणारा एक जुना फ्लुरोमीटर, एक वॉटर बाथ आणि औषधशास्त्र विभागाशी वाटून घेतलेला फ्रीझर एवढे होते. 2000 नंतरच्या दशकात भारनियमनाने या फ्रीझरचे जे हाल केले त्यावरून मी ब्लँकचे महत्त्व शिकले. ब्लँक म्हणजे ज्यात पेशी घातलेल्याच नाहीत अशी नळी. तिने काळोखी राहायला हवे. सबस्ट्रेट दर दुपारी वितळून पुन्हा गोठू लागले तसे ते आपोआप तुटू लागले आणि आमच्या ब्लँक नळ्या महिन्यागणिक उजळू लागल्या. ब्लँकच निळा दिसू लागला की आजारी आणि निरोगी यांतले अंतर पुसट होते. परदेशातून मागवलेल्या त्या छोट्याशा बाटलीला माझ्या त्या वेळच्या पगाराचा चांगला मोठा हिस्सा लागत असे. शेवटी आम्ही ती थेंब-थेंब वाटून शंभर छोट्या नळ्यांत ठेवली आणि एक नळी एकदाच उघडायची असा नियम केला.

सोलापूरला परतण्याचा एक फायदा असा झाला की रुग्ण मला कागदावरच्या आकड्यांआधी भेटू लागले. ते अक्कलकोट, मंगळवेढा, पलीकडे विजापूर, कलबुर्गीकडूनही येत. आमच्या या पट्ट्यात मराठी घरांत मामाच्या मुलीशी लग्न होण्याची रीत आहे, आणि कानडी व तेलुगू बोलणाऱ्या अनेक घरांत सख्ख्या मामाशी भाचीचे लग्नही होत आले आहे. हे आजार बहुधा आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन बिघडलेल्या प्रती आल्या तरच होतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. मामा-भाचीच्या मुलात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता आठात एक, आते-मामे भावंडांच्या मुलात सोळात एक. हे गणित मी फळ्यावर सहज मांडते, पण समोर बसलेल्या सासूला ते सांगताना, जिने नात्यातली म्हणून मायेने ती सून आणलेली असते, खडू हातात नसतो हे बरे असते. आणि नाते नसलेल्या जोडप्यांतही हे आजार होतात, तेव्हा नात्याला दोष देऊन निदान संपवणे हा मला नेहमीच आळस वाटत आला आहे.

2009 च्या सुमारास चौदा महिन्यांची एक मुलगी आली. सांधे आखडलेले, हिरड्या जाड, चेहऱ्याची ठेवण भरड. हे चित्र म्युकोपॉलिसॅकरिडोसिसच्या, म्हणजे साखरांच्या लांब साखळ्या न तुटता साठण्याच्या आजारांच्या कुळातले, म्हणून लघवीतल्या त्या साखळ्या मोजल्या. त्या वाढलेल्या नव्हत्या. पांढऱ्या पेशींतली पाच एन्झाइमे मोजली. सगळी साधारण ठीक. माझ्या नियमाप्रमाणे बाकीचे कापड घट्ट होते, म्हणून मी ‘उणीव आढळली नाही’ असे लिहून सही केली. दीड महिन्याने एका रात्री विद्यार्थ्यांसाठी आय-सेल रोगावरचे टिपण काढत असताना हात थांबला. सकाळी जाऊन फ्रीझरमध्ये तिचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, शोधला. हेक्सोसामिनिडेजसाठी लावलेली नळी फ्लुरोमीटरच्या पट्टीबाहेर गेली. वीसपट पातळ केली तेव्हा कुठे काटा पट्टीत आला.

या आजारात एन्झाइमे तयार होतात, नीट होतात, पण त्यांच्यावर मॅनोज-सहा-फॉस्फेटची खूण लावणारे यंत्र बिघडलेले असते. पत्ता नसलेल्या टपालासारखी ती पेशीबाहेर टाकली जातात आणि रक्तात साचतात. त्वचेच्या पेशी आतून रिकाम्या आणि रक्तद्रव ओसंडून. पांढऱ्या पेशींत मात्र आकडे बरेचसे नीट राहतात, आणि मी नेमक्या त्याच मोजल्या होत्या. एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या प्रयोगशाळेने 1968 मध्ये हर्लर आणि हंटर या दोन वेगळ्या आजारांच्या पेशी एकाच बशीत वाढवल्या, तर दोघींनी एकमेकींचा साठा कमी केला, कारण एकीने सोडलेले एन्झाइम दुसरी उचलत होती. 1972 मध्ये हिकमन यांच्यासह त्यांनी दाखवले की आय-सेल रुग्णांच्या पेशींनी सोडलेले एन्झाइम मात्र कुणीच उचलत नाही. म्हणजे एन्झाइमवर ओळखीची काहीतरी खूण असते आणि इथे ती नाही. हे सगळे मी दरवर्षी शिकवत होते. अहवाल बदलून दिला. औषध तेव्हाही नव्हते आणि आजही नाही, पण त्या मुलीच्या आईला पुढच्या गरोदरपणात काय तपासायचे ते कळले, एवढा फरक पडला.

याउलट घटना आमच्याच विभागात घडली. निरोगी माणसांचे आकडे ठरवण्यासाठी आम्ही कर्मचाऱ्यांकडून रक्त मागितले, त्यात एका तरुण तंत्रज्ञाचे ॲरिलसल्फेटेज-ए नेहमीच्या दहाव्या हिश्श्याएवढे निघाले. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी या मेंदूच्या पांढऱ्या भागाला पोखरणाऱ्या आजारात हेच एन्झाइम उणे असते. पेलेट पांढरा होता, बाकीची एन्झाइमे नीट होती, तीन वेळा मोजले तरी तेच. तो रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळत असे. त्याला आम्ही सांगितले, कारण लपवणे मला पटले नाही, आणि त्याने विचारले, “मॅडम, मग मी आजारी का नाही?” या जनुकात काही बदल असे असतात की एन्झाइम फार कमी बनते, पण जेवढे बनते तेवढ्याने पेशीचे काम भागते, याला आभासी उणीव म्हणता येईल. लघवीत सल्फेटाइड, म्हणजे हे एन्झाइम ज्याचे तुकडे करते तो मेद, वाढलेले नव्हते, त्यावरून खात्री झाली. तेव्हापासून या एका एन्झाइमच्या अहवालाखाली मी दोन ओळी जास्त लिहिते, आणि लघवीची तपासणी झाल्याशिवाय तो कुणाच्या हाती देत नाही.

निदानानंतरच्या वाटचालीबद्दल मी फार लिहीत नाही, कारण ती माझी वाट नाही. दुर्मीळ आजारांसाठीचे राष्ट्रीय धोरण 2021 मध्ये आले आणि पुढे मदतीची मर्यादा 50 लाख रुपयांपर्यंत गेली. आमच्या रुग्णांना त्यासाठी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील केंद्राकडे पाठवावे लागते. ही रक्कम मोठी वाटते. पण गोशेचे एन्झाइम वजनाप्रमाणे दर दोन आठवड्यांनी, आयुष्यभर द्यायचे असते, म्हणजे मूल सुधारून वाढू लागले की डोसही वाढतो आणि पैसे लवकर संपतात. औषध लागू पडले हीच अडचण व्हावी, असा हा हिशेब कुणाला सांगावा ते कळत नाही. शिरेतून दिलेले एन्झाइम मेंदूत पोहोचत नाही, हे दुसरे.

गेल्या जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात, अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून पाच वर्षांच्या मुलीचे रक्त आले. पानथरी मोठी, मांडीचे हाड दुखते, प्लेटलेट कमी. माझ्या विद्यार्थिनीने पेलेट केला आणि नळी माझ्याकडे आणली. तो फिकट गुलाबी होता. “मॅडम, इतकं चालेल का?” तिने विचारले. रक्त बारीक सुईने ओढलेले होते आणि रात्रभर तसेच राहिले होते. मी नमुना टाकून द्यायला आणि त्या लोकांना फोन करायला सांगितले. फोनवर मुलीचे वडील चिडले, आणि त्यांचे चिडणे योग्य होते. एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने पुन्हा यायचे होते.

मंगळवारी ते आले. सोबत आजीही होती, पदरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून. रक्त इथेच घेतले आणि तासाच्या आत कामाला लावले. आजी व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि नातीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे काहीबाही सांगत राहिली. मधेच एकदा आत डोकावून म्हणाली, “बाई, मागच्या येळंचं रगत वाया गेलं म्हणं?” मी हो म्हणाले. “मग औंदा नीट बघा,” एवढे बोलून ती परत बाकावर गेली.

पेलेट पांढरा होता. ब्लँक काळोखी राहिली. साडेचारला रीडिंगे हाती आली. बीटा-गॅलॅक्टोसिडेज नीट, हेक्सोसामिनिडेज नीट. ग्लुकोसेरेब्रोसिडेजच्या नळीत ब्लँकपेक्षा जेमतेम जास्त उजेड होता. विद्यार्थिनीने तेवढीच नळी पुन्हा लावू का असे विचारले, आणि आम्ही तिन्ही पुन्हा लावल्या. दुसऱ्यांदाही तेच आले तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि शेवटची एसटी निघायला चाळीस मिनिटे होती. मी अहवालावर ‘ग्लुकोसेरेब्रोसिडेज: नाही’ असे लिहिले, खाली बाकीचे दोन आकडे लिहिले, सही केली आणि मुलीच्या वडिलांना आत बोलावले.